चारीच्या तोंडाचं शेत

कॅप्टन भानुदास धावडे रस्ता चुकले तरी चुकलो म्हणत नसत. एकदा पुण्याला ड्यूटीवर जाताना शिक्रापूरची कोंडी टाळायची म्हणून त्यांनी गाडी एका आडरस्त्याला घातली. पंधरा मिनिटांनी आम्ही कुणाच्या तरी कांद्याच्या चाळीपुढे उभे होतो, आणि कांदा निवडणाऱ्या तीन बायका हातातलं काम टाकून आमच्या खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्यांकडे बघत होत्या. पुढे रस्ता नव्हता, ज्वारी होती.

"सर, चुकलो आपण," मी म्हणाले.

"चुकलो न्हाई. रस्ता हाच हाय. फकस्त अजून झालेला न्हाई."

त्यांनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली तशी त्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "इमानवाले दिसत्यात. वर बरूबर जात्यात, खाली आलं की कळंना व्हय यांला?" सर वाघोलीपर्यंत हसत होते. पण चुकलो असं काही म्हणाले नाहीत. सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर उडाले आणि त्यांच्या गाडीतून आले-गेले. तेवढ्या काळात चूक झाली असं त्यांनी एकदाच म्हटलं. ते ज्या गोष्टीसाठी म्हटलं ती सांगायची म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

आमची कंपनी लहान होती. पुण्यातून आजूबाजूच्या लहान शहरांना जाणारी पंख्यांची विमानं आणि आम्ही चौतीस वैमानिक. बाकी सगळे पुण्यात विमानतळाच्या आसपास राहायचे. नगर जिल्ह्यातून येणारे आम्ही दोघंच. मी भिंगारची. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. धावडे सर श्रीगोंदा तालुक्यातल्या एका खेड्यातले. मी नगरहून एसटीने बेलवंडी फाट्यावर उतरायचे, ते गावाकडून यायचे आणि तिथून पुढे आम्ही त्यांच्या गाडीने जायचो. इतका पगार असताना पुण्यात फ्लॅट का घेत नाही, असं त्यांना प्रत्येक नवा वैमानिक एकदा तरी विचारायचा. "मी घेतो हो, पर ऊस येत न्हाई फ्लॅटवर," हे उत्तर ठरलेलं होतं.

माणूस ठेंगणा, काळासावळा, अत्यंत टापटीप. बूट असे चमकवलेले की त्यात ढग दिसावेत. हात मात्र शेतकऱ्याचे, उभ्या भेगा पडलेले. तरुणपणी हवाईदलात मेकॅनिक होते. दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करून कंटाळले आणि पस्तिशीत नोकरी सोडून लायसन्स काढलं. त्यासाठी अडीच एकर विकलं असं गाव म्हणायचं. ते म्हणायचे, "दीड. गावाला मोजणी येत न्हाई."

कानामागे कायम पेन्सिल. उड्डाणाच्या आधी ती काढून खिशात ठेवत आणि वर स्थिर झालो की पुन्हा कानामागे. उड्डाणापूर्वीची तपासणीची यादी तोंडपाठ होती, तरी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत. मी सुरुवातीला घाईघाईने उत्तरं द्यायचे. तेव्हा ते थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. महिन्याभरात माझी घाई गेली. कौतुक कधी नाही. एकदा आडव्या वाऱ्यात मी विमान अगदी अलगद टेकवलं. आता काहीतरी म्हणतील म्हणून मी वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "बूट पुसत जा."

जेवणाची एक गोष्ट. विमानात दोघा वैमानिकांनी एकच पदार्थ खायचा नाही असा नियम असतो, एका अन्नाने दोघंही आजारी पडू नयेत म्हणून. दोन वेगळे डबे येतात आणि रिवाजाप्रमाणे कॅप्टन आधी निवडतो. धावडे सर दोन्ही डबे माझ्यापुढे धरायचे. "आधी तुमी." विमानात ते मला तुम्ही म्हणायचे आणि गाडीत बसलं की तू. मी चांगला डबा उचलायचे. ते उरलेला बाजूला ठेवून घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायचे. म्हणून तो काही मोठा त्याग नव्हता. पण ज्या दिवशी घरचं नसेल त्या दिवशीही क्रम तोच.

मग आमची कंपनी दुसऱ्या, आमच्याहून कितीतरी मोठ्या कंपनीत विलीन होणार अशी बातमी आली.

वैमानिकांच्या जगात सगळं काही एका यादीवर चालतं. ज्येष्ठतेची यादी. तुम्ही कॅप्टन कधी होणार, कुठल्या शहरातून उडणार, सुट्टी कधी मिळणार, हे तुमचा त्या यादीतला नंबर ठरवतो. दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक करावी लागते, आणि तिथे भावाभावांत होत नाहीत तेवढी भांडणं होतात. मोठ्या कंपनीचा प्रस्ताव सरळ होता. त्यांचे सगळे वैमानिक वर आणि त्यांच्या खाली आम्ही चौतीस. म्हणजे आमच्यातले कित्येक कॅप्टन पुन्हा सहवैमानिक होणार होते. मी वर्षभरात कॅप्टन व्हायची होते; माझी पाळी आठ-दहा वर्षं मागे जाणार होती. शिवाय पुणं सुटणार. ज्यांची घरं, शाळा, म्हातारे आईबाप पुण्यात, त्यांनी देशात कुठेही जायचं.

कंपनीशी बोलायला आम्ही धावडे सरांना निवडलं. ते सगळ्यांत ज्येष्ठ होते आणि कुणाशीही त्यांचं भांडण नव्हतं, एवढीच कारणं. त्यांनी पहिली बैठक बोलावली ती स्वतःच्या शेतात. पुण्यात घ्या म्हणून सगळ्यांनी विनवलं. म्हणाले, "आवर्तन चालू हाय. मला हलता येत न्हाई."

धरणातून कालव्याला पाणी सुटतं त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. कालव्यातून चारी निघते आणि चारीवरच्या शेतांना पाळीपाळीने पाणी मिळतं. तर एका सकाळी वीस-बावीस वैमानिक, गॉगल घातलेले, महागडे बूट घातलेले, चारीच्या भरावावर रांगेने उभे राहिले. धावडे काकू किटलीतून चहा वाटत होत्या. तिथे आम्हाला कळलं की सरांचं शेत चारीच्या अगदी तोंडाशी आहे. कालव्यातून निघालेलं पाणी आधी त्यांच्याच बांधाला लागतं. पण चारीतून शेतात पाणी घ्यायचं त्यांचं दार बंद होतं आणि पाणी त्यांच्या उसासमोरून वाहत पुढे चाललं होतं.

कॅप्टन रणदिवेंनी विचारलं, "सर, पाणी तुमच्या दारात आहे. मग घेत का नाही?" रणदिवे आमच्यातले चौथ्या नंबरचे, पक्के पुणेकर, तापट पण सरळ माणूस.

"माझी पाळी शेवटची."

"पहिलं शेत तुमचं, आणि पाळी शेवटची?"

"पाणी टेलकडून द्यायचं असतंय. टेल म्हंजी चारीचं शेपूट. ज्याचं शेत शेवटाला, त्याचं भरणं आधी. मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. वरच्यानं आधी घेतलं तर शेपटाला काय जातंय? चिखल." त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि आमची यादी मांडीवर उलटी धरली. "आपन बी असंच करायचं. नीरजपासनं सुरू."

नीरज चार महिन्यांपूर्वी लागलेला, यादीतला चौतिसावा. तो बिचारा भरावावर घसरू नये म्हणून एका बाभळीला धरून उभा होता. स्वतःचं नाव ऐकून त्याने बाभूळ सोडली आणि चहा सांडला.

बोलणी पुण्यातल्या एका हॉटेलात तीन दिवस चालली. माझं अक्षर मिशनच्या शाळेतलं, म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं. समोर कंपनीच्या एक मॅडम, एक वकील आणि एक मोठे अधिकारी. सरांनी शेवटून नाव वाचायला सुरुवात केली तेव्हा मॅडमना वाटलं, कागद उलटा धरलाय. पुढाऱ्यांनी आधी स्वतःचं पदरात पाडून घ्यायचं आणि मग बाकीच्यांसाठी जरा आवाज चढवायचा, हीच त्यांना सवय असणार. इथे हा माणूस चार महिन्यांच्या नोकरीच्या पोरासाठी दोन तास अडून बसला होता.

आवाज त्यांनी एकदाही चढवला नाही. मुद्दा एकच. ज्या दिवशी माणूस नोकरीला लागला त्या तारखेने दोन्ही याद्या एकमेकींत मिसळा, आणि पुणं न सोडण्याची हमी ज्याच्या त्याच्या नावाने लिहून द्या. वकील नाही म्हणायचे. सर पाणी प्यायचे आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे, तपासणीच्या यादीसारखं. दुसऱ्या दिवशी दुपारी तारखेचा मुद्दा कंपनीने मान्य केला. मी लिहिता लिहिता थांबले आणि टेबलाखाली दोन्ही मुठी आवळल्या. माझी दहा वर्षं मला परत मिळाली होती.

उरली पुण्याची हमी. ती एकेक नाव घेऊन ठरत होती. चौतीस, तेहतीस, बत्तीस असं करत वर. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास तीस माणसांची झाली होती आणि वरची चार नावं राहिली होती. सर स्वतः, आणखी दोन कॅप्टन आणि रणदिवे. वकिलांना विमान गाठायचं होतं. ते म्हणाले, "या चौघांचं 'कंपनीच्या गरजेनुसार' असं लिहू आणि आजच सह्या करून टाकू." सरांनी मान डोलावली. मराठीत माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही. वरच्याला कोन हात लावतंय?"

माझं पेन थांबलं होतं. मला ते वाक्य खटकलं होतं. पण मी लिहिलं. ते आजही माझ्याच अक्षरात आहे.

सह्या झाल्या. पोरांनी सरांना उचलून घ्यायचा प्रयत्न केला, तो त्यांनी होऊ दिला नाही. पाच आठवड्यांनी पहिली बदली यादी आली. पुण्यात वरच्या चौघांपैकी तिघांनाच जागा होती. एकाला ईशान्येकडच्या एका तळावर जायचं होतं आणि चौघांत जो कनिष्ठ तो जाणार होता. म्हणजे रणदिवे.

रणदिवेंचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला बोलायला उशीर होत होता, माणसांत मिसळता येत नव्हतं. दोन वर्षं हिंडून पुण्यात एक शाळा सापडली होती आणि तिथे तो नुकता कुठे रुळला होता. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

क्रू रूममध्ये रणदिवे कागद घेऊन सरांपुढे उभे राहिले. "तीस नावं झाली, सर. एकतिसावं माझं होतं. अजून दहा मिनिटं बसला असतात तर? वकिलाचं विमान चुकलं असतं, एवढंच ना? आपल्याकडे विमानं काय कमी आहेत?"

खोलीत दहा-बारा जण होते. मला वाटलं, सर म्हणतील, रस्ता हाच आहे, फक्त अजून झालेला नाही. ते उभे राहिले. कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"रणदिवे, चूक माझी हाय," ते म्हणाले. "तुमची न्हाई, कंपनीची न्हाई. माझी."

त्यांच्या तोंडून ते ऐकून रणदिवेंचाच राग उतरला. ते खुर्चीत बसले आणि तोंड ओंजळीत धरलं.

त्या दिवशी परतताना गाडी सरच चालवत होते. घोड नदीचा पूल ओलांडल्यावर म्हणाले, "ग्रेस, तुला त्या दिवशी कळलं हुतं का?"

"हो सर. खटकलं होतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"वरच्याला समदं म्हाईत असतंय आसं धरून चालू नये," ते म्हणाले. रागाने नाही. पण मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मग स्वतःशीच बोलल्यासारखं सांगू लागले, "आमच्या चारीला वरच्याची काळजी करायची रीतच न्हाई. पाणी त्याच्या दारातनंच जातं. पाळी हुकली तरी वरचा गुपचूप दार उचलून घेतोच. आमी घेत न्हाई ती गोष्ट येगळी. मला वाटलं, हितं बी तसंच आसंल. वरच्याचं काय, तो कसं बी भागवील. पर रणदिवेला दारच नव्हतं."

"मग आता?"

"चारी फुटली तर ज्याच्या बांधाला फुटली त्यानं बुजवायची."

मी अर्थ विचारला नाही. फाटा आला होता आणि माझी एसटी लागलेली होती.

अर्थ आठवड्याभराने कळला. सुधारित बदली यादी भिंतीवर लागली. रणदिवे पुण्यातच होते. ईशान्येच्या तळापुढे नाव होतं, कॅप्टन भा. वि. धावडे. त्यांनी स्वतः अर्ज दिला होता. तो पेन्सिलीने लिहिला म्हणून कचेरीने परत केला आणि शाईने लिहून मागितला, हे नंतर समजलं. निवृत्तीला बावीस महिने राहिले होते. ते सगळे महिने पुण्यातून उडायचं, संध्याकाळी शेतावर यायचं आणि शेवटचं विमान पुण्याच्या धावपट्टीवर उतरवून पेन्सिल खिशात घालायची, एवढाच त्यांचा बेत होता. तो ते गाडीत अनेकदा सांगायचे.

रणदिवे त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "सर, हे मला नको. मी घेऊ शकत नाही." सर म्हणाले, "तुमाला कोन देतंय? मी माझा बांध बुजवतोय."

ते जाणार त्याच्या आदल्या दिवशी, रविवार होता म्हणून, मी चर्चहून थेट स्कूटरने त्यांच्या गावी गेले. पुन्हा आवर्तन चालू होतं. सर चारीच्या भरावावर पायजमा दुमडून बसले होते आणि त्यांचं दार बंद होतं. या खेपेला पाणी उशिरा सुटलं होतं आणि उसाची पानं कडेने पिवळी पडायला लागलेली मला, भिंगारच्या पोरीलासुद्धा, दिसत होती.

काकू घुश्शात होत्या. माझ्या हातात चहा देत म्हणाल्या, "बावीस म्हैने. म्हंजी उसाची येक लागण तुटंल आन तिच्या बुडख्यावर फुटलेल्या खोडव्याचं बी निम्मं हुईल. तवर मी ह्या गुडघ्यांनी उसाला पाण्याची दारं धरायची. दुसऱ्याचं भरून झालं की मग यांला घर आठवतं बघ."

"माणूस लावलाय की," सर म्हणाले.

"माणसाला बायकू म्हनू का मग?" काकू म्हणाल्या. सर हसले. काकू हसल्या नाहीत. डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

मी सरांना नीरजची गोष्ट सांगितली. त्याने पुण्यात भाड्याने खोली घेतली होती. रणदिवेंचा मुलगा शाळेच्या बसमधून आईला हात करायला लागला होता, तेही सांगितलं. "असं व्हय?" ते म्हणाले. मला त्यांना सांगायचं होतं की त्या दिवशी मी पेन खाली ठेवून बोलायला हवं होतं, त्याचं मला वाईट वाटतं. मी ते सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या येळी बोल. कॅप्टन झालीस की तुझ्या बाजूला बसंल त्यालाबी बोलू दे." आता मी डाव्या, कॅप्टनच्या सीटवर बसते आणि दोन्ही डबे आधी सहवैमानिकापुढे धरते. तरणी पोरं बुजतात, मग चांगला डबा उचलतात.

तेवढ्यात पाटकरी मोटरसायकलवरून आला. पाटकरी म्हणजे चारीवर पाण्याच्या पाळ्या लावणारा माणूस. गाडी चालूच ठेवून म्हणाला, "कॅप्टनसाहेब, तुमी उद्या चाललात. आज घ्या की दोन तास. बाकीच्यास्नी मी सांगतो, कोन न्हाई म्हनायचं न्हाई."

"टेलचं झालं का?"

"टेलचं झालं. मधली दोन राहिल्यात."

"मग हू दे त्यांचं."

"आवो, परवाच्याला तुमची पाळी. तुमी हितं आसनार न्हाई."

"ऊस आसंल ना?" सर म्हणाले.

पाटकऱ्याने माझ्याकडे बघून हात जोडले आणि निघून गेला. आतून काकूंचा आवाज आला, "उघडलं का दार?" सरांनी पायजमा आणखी वर दुमडला.

मी उठले. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, चिखलाने भरलेले होते, पण काही बोलले नाहीत. मी स्कूटर वळवून वाटेला लागले आणि वळणावर सहज मागे पाहिलं. सरांच्या दारापुढे, चारीवरच्या मोरीत गवताचा पेंडका आणि एक प्लॅस्टिकची पिशवी अडकून पाणी तुंबलं होतं. ते चारीत उतरले होते, मांडीएवढ्या पाण्यात. पेन्सिल कानामागे तशीच होती. दोन्ही हातांनी त्यांनी तो पेंडका ओढून काढला, भरावावर टाकला आणि पाणी नीट जातंय का ते वाकून बघितलं. पाणी मोकळं झालं आणि पुढच्या शेतांकडे निघालं. त्यांचं दार बंदच होतं.